त्याच्या नंबरावर

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मी सोमाटणे फाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात नंबर घ्यायला गेलो, तेव्हा टेबलामागच्या मुलीने मला दोन पिशव्या दिल्या. एक माझी आणि एक माझ्या मित्राची. डिसेंबरात आमची दोघांची नावं मीच भरली होती, माझ्याच ईमेलवरून, त्यामुळे तिच्या पडद्यावर ती एकाखाली एक दिसत होती. दुसरे सर नाही आले का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, नाही आले. तिने माझी सही दोन्हीकडे घेतली.

तो फेब्रुवारीत गेला होता. जुन्या हायवेवर, सायकल चालवताना. वय चव्वेचाळीस.

तळेगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही सोळा वर्षं एकाच शिफ्टला होतो. तो लेथवर, मी तपासणीला. त्याने कातलेले पार्ट माझ्या टेबलावर यायचे आणि मी मायक्रोमीटर लावून ते पास करायचो. तो परंदवडीचा, घरची थोडी शेती असलेला. मी लोणावळ्याचा, तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या माळ्याचा मुलगा. आमच्या बोलण्यात फरक होता. माझी भाषा बंगल्यावर येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांमुळे सपाट झालेली, त्याची तशीच राहिली होती. कारखान्याच्या गेटवर या स्पर्धेचा कागद चिकटवलेला त्यानेच आधी पाहिला. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. वाचून तो म्हणाला, "एका दमात तीन कामं. आपुन तर रोजच करतोय की."

त्याला पोहता येत नव्हतं. नदी जवळ असूनही त्याच्या आईने त्याला कधी पाण्यात उतरू दिलं नव्हतं. वडिलांच्या जागी आता माझा चुलत भाऊ त्या बंगल्यावर असतो, आणि मालक फक्त शनिवार-रविवारी येतात. म्हणून पहिली शिफ्ट सुटली की आम्ही तुंगार्लीला जायचो आणि बंगल्याच्या मागच्या पूलमध्ये मी त्याला शिकवायचो. चाळिशी ओलांडलेला दांडगा गडी, पण पाण्यात उतरला की लहान व्हायचा. मी त्याच्या पोटाखाली हात धरायचो. तो हातपाय मारत विचारायचा, "काढला का हात?" मी नाही म्हणायचो. हात मी केव्हाच काढलेला असायचा. महिन्याभरात तो एका काठावरून दुसऱ्या काठाला गेला आणि तिथल्या शिडीला धरून राहिला.

तर त्या रविवारी सकाळी माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. त्याच्या पिशवीचं काय करायचं हे मी ठरवलेलं नव्हतं, एवढं मला खरंच आठवतं. ती वहिनींना, त्याच्या बायकोला, नेऊन द्यावी, असं आधी वाटलं होतं. पण त्याच्या माघारी मी परंदवडीला एकदाच गेलो होतो, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आणि तेव्हाही मागे उभा राहून, वंदना झाल्याबरोबर निघून आलो होतो. वहिनींच्या समोर जाणं मी टाळत होतो. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. ती असती तर तिने मला स्पर्धेला जाऊच दिलं नसतं.

सायकली ठेवायच्या जागी एक मुलगा मार्कर घेऊन प्रत्येकाच्या दंडावर नंबर लिहीत होता. त्याने मला नंबर विचारला आणि मी मित्राचा सांगितला.

का सांगितला, याचं उत्तर मी नंतर पुष्कळांना दिलं. निकालाच्या यादीत एकदा तरी त्याचं नाव यावं, असं वाटलं म्हणून, असं मी म्हणालो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. त्याचा नंबर दंडावर लिहून घेताना मला बरं वाटलं. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग मी त्याची पिशवी उघडली, त्याचा कागदी नंबर बनियनवर टाचला, वेळ मोजणारी त्याची पट्टी घोट्याला बांधली आणि माझी पिशवी तशीच गाडीच्या डिकीत टाकली.

स्पर्धा साडेसहाला सुरू व्हायची होती. पण शिरगावला साईबाबांच्या देवळात जाणाऱ्या गाड्यांची रविवारची गर्दी, आणि रस्ता अडवायला नेमलेली माणसं वेळेवर आली नाहीत. पावणेनऊ वाजले. तोवर एप्रिलच्या शेवटाचं ऊन पूलच्या फरशीवर पसरलं होतं. लोक टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीला उभे होते. मला आठवतं, तेव्हाच माझी बाटली निम्मी संपली होती.

पोहणं पाचशे मीटरचं, एका मोठ्या गृहसंकुलाच्या पूलमध्ये. मला पाण्याची भीती नाही, लहानपणी मी तुंगार्लीच्या तळ्यात पोहलोय. पण त्या दिवशी पहिल्या दोन फेऱ्यांनंतर माझ्या पोटाला गार लागू लागलं. पोटालाच, एका हाताएवढ्या जागेत. बाकी पाणी कोमट होतं. मी काठाला पोचलो, वळलो, पुन्हा तेच. मनाचे खेळ असतात हे मला कळत होतं. तरी मी एकदा पाण्यातच थांबून खाली पाहिलं, आणि मागचा माणूस माझ्या पायावर आदळला.

बाहेर आलो तर लाउडस्पीकरवर त्याचं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे "परंदवडी". बोलणारा माणूस घोट्यावरच्या पट्टीवरून पडद्यावर उमटलेलं वाचत होता. चार-पाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं. तो येतोय का, हे पाहायला वळलो होतो, हे मला सायकलपर्यंत पोचल्यावर उमजलं.

सायकल वीस किलोमीटरची होती. पहिली दहा मी चांगली मारली. मग मागून आवाज येऊ लागला. त्याच्या पेडलला एक कट्‌ होती, दर फेऱ्याला एकदा. त्याने स्वतः लेथवर बुश कातून घातला, तरी ती गेली नव्हती. आम्ही बरोबर जायचो तेव्हा मला मागे पाहावं लागायचं नाही, त्या आवाजावरून तो किती मागे आहे ते कळायचं. आता तोच आवाज. मी मागे पाहिलं, रस्ता मोकळा होता, डांबरावर पाणी पसरल्यासारखं दिसत होतं आणि कोणी नव्हतं. पुढच्या वळणावर मला कळलं की माझीच बाटली स्टँडमध्ये सैल झाली आहे. मी ती काढून पाठीवरच्या खिशात घातली. आवाज थांबला. आणि मग ती शांतता मला सोसेना. एक किलोमीटरही गेलो नसेन, मी बाटली परत स्टँडमध्ये ठेवली.

पळायला उतरलो तेव्हा दहा वाजून गेले असतील. पाच किलोमीटर, परंदवडीच्या शिवारातून जाऊन परत. गहू निघून गेलेली रानं, सावली कुठेच नाही. पाण्याच्या टेबलावरचं पाणी तापलेलं. हा रस्ता त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून जातो, हे मला माहीत होतं, पण नकाशात पाहणं वेगळं आणि त्याच्या गच्चीवरची काळी टाकी प्रत्यक्ष दिसणं वेगळं. ती दिसली आणि मला थंडी वाजली. अंगावर काटा आला. घाम थांबला होता. उन्हाने असं होतं, धोक्याचं असतं, हे आम्ही दोघं कारखान्याच्या सेफ्टीच्या वर्गात शिकलो होतो. मला ते आठवलं नाही. मला वाटलं, बरं झालं, ऊन कमी झालं.

पुढे एका मोरीच्या कठड्यावर कोणीतरी बसलं होतं. पांढरा शर्ट, मान खाली. मी त्याच्याकडे गेलो. त्यानंतरचं मला आठवत नाही. तो माणूस म्हणजे तिथे शेळ्या घेऊन बसलेले एक आबा होते. त्यांनी लोकांना सांगितलं, ते असं: हा माझ्यापाशी आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, तू बस, मी थांबतो, आणि खाली कोसळला.

शुद्ध आली तेव्हा मी तंबूत खाटेवर होतो. काखेत आणि मानेला बर्फाच्या पिशव्या, हाताला सलाईन. एक वयस्क डॉक्टरबाई माझ्या डोळ्यांत टॉर्च टाकत होत्या. शेजारी पिवळ्या टी-शर्टमधली एक कॉलेजची मुलगी होती. घाबरू नका सर, घरी कळवलंय, मॅडम निघाल्यात, असं ती म्हणाली. मी जड जिभेने सांगितलं की माझी बायको इथे नाही, माहेरी आहे, तिला यायला संध्याकाळ होईल.

"नाही सर," ती म्हणाली, "परंदवडीच्याच म्हणाल्या. पाच मिनिटांत येते म्हणाल्या."

मग मी छातीकडे पाहिलं. कागदी नंबराच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि अडचणीच्या वेळी कळवायचा फोन छापलेला असतो. तिने नंबर उलटा करून वाचला होता. मी तिला विचारलं, तू काय बोललीस? ती म्हणाली, तुमचे मिस्टर पळताना पडलेत एवढंच सांगितलं. आणि त्या काय म्हणाल्या? त्यांनी फक्त "कुटं?" असं विचारलं, आणि फोन ठेवला.

मी सलाईनची सुई ओढायला गेलो. डॉक्टरबाईंनी माझा हात दाबून धरला. मला तिथून पळून जायचं होतं. हे लिहितानाही मला त्या पाच मिनिटांची लाज वाटते, की वहिनींचं काय होत असेल यापेक्षा मला लपायला जागा कुठे मिळेल, हेच माझ्या मनात होतं.

स्कूटी तंबूच्या अगदी तोंडाशी येऊन थांबली. वहिनी आत आल्या. हाताला पीठ लागलेलं, ते वाळून पांढरं झालेलं. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळे त्यांना क्षणभर नीट दिसत नसावं. त्यांनी आधी माझ्या छातीवरचा नंबर पाहिला, मग तोंड पाहिलं. त्या दोन पाहण्यांच्या मध्ये त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्याआधी कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मला ओळखल्यावर ते निघून गेलं. त्या खाटेच्या पायाशी जमिनीवरच बसल्या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, तुम्ही यांच्या कोण? वहिनी म्हणाल्या, दीर आहेत माझे. मुलीला काहीतरी चुकल्याचं कळलं असावं, ती पाणी आणायला म्हणून बाहेर गेली.

मग वहिनींनी सांगितलं. त्याचा मोबाइल त्यांनी बंद केला नव्हता. देवघरासारख्या एका फळीवर बाबासाहेबांच्या आणि त्याच्या फोटोखाली तो चार्जिंगला लावलेला असायचा. सकाळी त्यावर मेसेज आला, त्याच्या नावाने, की पोहणं पूर्ण झालं, इतकी मिनिटं. घोट्यावर पट्टी असली की असे मेसेज आपोआप जातात. अर्जात जो मोबाइल नंबर दिला असेल, त्यावर. हे मला माहीत होतं. मी फक्त धरून चाललो होतो की तो फोन आता कोणाकडेच नसेल.

"पयला मेसेज आला तवा वाटलं, चुकून आला आसंल," वहिनी म्हणाल्या. "मग सायकलचा आला. मी भाकरी टाकत होते. मला म्हायती होतं भाऊजी, ते न्हाईत. मी येडी न्हाई. पर मी गॅस बंद केला आन फोन घिऊन तिसऱ्याची वाट बघत बसले."

मी डोळे मिटून घेतले.

"तिसरा आला न्हाई. मग हिचा फोन आला. तसाच. ते गेले तवाबी बाईच बोलली होती, दुधाच्या गाडीवाल्याची बायको. तुमचे मिस्टर पडलेत म्हणून."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते आठवत नाही. आणि एकदा बोलायला लागल्यावर मी इतके दिवस कोणाला न सांगितलेलंही सांगून टाकलं. त्या सकाळी आम्ही सोमाटण्याहून लोणावळ्याकडे निघालो होतो. वडगावला चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला की डावा खांदा धरलाय, जडजड वाटतंय. मी त्याच्या सायकलकडे पाहिलं आणि म्हणालो, तुझं हँडल खाली आहे, म्हणून दुखतोय, घरी गेल्यावर वर करून देतो. कामशेतच्या अलीकडच्या चढणीला मी पुढे गेलो. नेहमीच जायचो, मला ती चढण न थांबता चढायची हौस होती. वर जाऊन मी एका गुऱ्हाळावर थांबलो, उसाचा रस प्यायलो. तो आला नाही. मी आणखी एक ग्लास घेतला. मनात म्हणालो, दमला असेल, येईल. दुसरा ग्लास संपवून मग मी सायकल वळवली. खाली पोचलो तेव्हा गर्दी होती.

वहिनी ऐकत होत्या. हाताचं वाळलेलं पीठ नखाने काढत होत्या. मला वाटलं, आता उठून जातील, किंवा मला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

"खांदा आदल्या रातीपासनंच दुखत होता," त्या म्हणाल्या. "मी बाम चोळला. म्हणलं, लेथवर उभं ऱ्हाऊन धरला आसंल. त्ये म्हणले, जाऊ का नको उद्या? मी म्हणलं, जा की, घरी बसून काय करनार."

बाहेर लाउडस्पीकरवर दुसऱ्या कोणाकोणाची नावं चालू होती.

आयोजकांपैकी एकजण आले. त्यांना एव्हाना सगळं कळलं होतं. ते चिडले होते आणि त्यांचं बरोबर होतं. तुम्हाला रक्त द्यायची वेळ आली असती तर आम्ही या कागदावरचा गट वाचला असता, म्हणाले. त्याचा गट माझा नव्हता. त्यांनी तो नंबर माझ्या बनियनवरून काढून घेतला, दोन्ही नावं यादीतून काढली आणि पुन्हा आमच्याकडे येऊ नका, असं सांगितलं. मी मान हलवली. वहिनींनी मात्र त्यांना थांबवलं आणि तो कागद मागितला. आयोजकांनी थोडा विचार केला आणि दिला. वहिनींनी तो घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

जाताना वहिनींनी मला एकच बजावलं, हृदय तपासून घ्यायचं. मी हो म्हणालो, आणि त्यांनी माझ्या हो वर विश्वास ठेवला नाही. दोन दिवसांनी त्या स्वतः तळेगावच्या दवाखान्यात येऊन बसल्या. माझी बायकोही माहेराहून आली होती. दोघी बाकावर शेजारी बसल्या होत्या, आणि वहिनींनी तिला काय सांगितलं, काय नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. माझ्या हृदयात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं होतं, दुसरं काही नाही. हे ऐकून दोघींनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र कसंसंच झालं. आपल्यात काहीतरी निघावं, अशी माझी आतून इच्छा होती की काय, कोण जाणे.

मे महिन्याच्या मधल्या एका रविवारी वहिनींचा फोन आला. त्यांच्याच फोनवरून. म्हणाल्या, मला ती जागा दाखवा. तो गेला त्या दिवशी त्यांना कोणी तिथे जाऊ दिलं नव्हतं, थेट दवाखान्यात नेलं होतं. मी सोमाटण्याला उतरलो आणि त्यांच्या स्कूटीच्या मागे बसून आम्ही जुन्या हायवेने गेलो. चढणीला लागल्यावर मी सांगेन तिथे त्यांनी गाडी घेतली.

तिथे काहीच नव्हतं. रस्त्याची कड, खडी, वाळलेलं गवत, पलीकडे कोणीतरी जाळून काळी केलेली रानाची पट्टी. ट्रक गेला की अंगावर गरम वारा यायचा. मी बोट करून दाखवलं, इथे. वहिनी तिथे जाऊन उभ्या राहिल्या, मग गुडघे वाकवून खडीला हात लावून पाहिला. तापली होती, त्यांनी हात लगेच मागे घेतला.

"बसलं होतं का पडलं होतं?"

"बसले होते, असं दुधाच्या गाडीवाला म्हणाला. नंतर कलंडले."

"तोंड कुटं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. परंदवडीकडे, घराकडे, असं सांगितलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं. सोळा वर्षं मी माप जसं येईल तसंच लिहीत आलो होतो.

"वर," मी म्हणालो. "मी गेलो होतो तिकडे."

वहिनींनी चढणीकडे पाहिलं. वळणापर्यंत रस्ता दिसत होता, पुढचा दिसत नव्हता. त्या तशाच बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या, उन्हाने डोळ्यांवर हात धरून. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, मला गाडीवर बसायला सांगितलं आणि आम्ही घराकडे वळलो.